‘येतं’ आणि ‘करतो’ : मुलाची रोजच्या जगण्यातली कौशल्यं कशी तपासतात?

मूल बोलायला उशीर करतंय, अभ्यासात फार मागे पडतंय किंवा इतर मुलांत मिसळत नाही, म्हणून आईवडील त्याला तपासणीला घेऊन जातात. मनाची तयारी असते ती कोडी, चित्रं आणि ठोकळ्यांची. तेही होतं. पण मग मुलाला बाजूला खेळायला बसवून मानसशास्त्रज्ञ आईलाच प्रश्न विचारू लागतात. दात स्वतः घासतो का? शर्टाची बटणं लावतो का? तहान लागली की पाणी घेऊन पितो, की मागतो? शी झाल्यावर स्वतः धुतो का? चुकलं तर आपणहून माफी मागतो, की ‘सॉरी म्हण’ असं सांगावं लागतं? असे प्रश्न पाऊण तास, तासभर चालतात. आम्ही बुद्धीची तपासणी करायला आलो होतो, इथे बटणांचा काय संबंध, असा विचार घेऊनच बरेच पालक घरी जातात.

रिपोर्ट आला की गोंधळ आणखी वाढतो. त्यात दोन वेगळे आकडे असतात. समजा, बुद्ध्यांक ९२ आणि या दुसऱ्या तपासणीत ६६. मग खरा कुठला? दोन्ही खरे. ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. हा लेख त्या दुसऱ्या आकड्याबद्दल आहे, कारण मूल मोठं होऊन कसं जगेल हे ठरवताना तोच जास्त कामाचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे नेमकं काय मोजतात?

शास्त्रीय नाव ‘अनुकूलन वर्तन’. रिपोर्टवर बहुधा ‘ॲडॅप्टिव्ह बिहेविअर’ असं छापलेलं असतं. अर्थ साधा आहे: त्या वयाच्या मुलाकडून घरात, शाळेत आणि बाहेर रोज जे अपेक्षित असतं ते त्याने किती प्रमाणात स्वतःचं स्वतः निभावणं. पुढे मी याला नुसतं ‘रोजची कौशल्यं’ म्हणेन.

यांचे तीन गट मानले जातात. पहिला विचारांशी जोडलेला: सांगितलेलं समजणं, आपलं म्हणणं सांगता येणं, घड्याळ, पैसे, कामापुरतं वाचन. दुसरा माणसांशी जोडलेला: पाळी येईपर्यंत थांबणं, समोरच्याचा मूड ओळखणं, मैत्री टिकवणं, अनोळखी माणसाबरोबर न जाणं. तिसरा हातांनी करायच्या गोष्टींचा: जेवणं, कपडे, आंघोळ, शौच, घरातली कामं, रस्ता ओलांडणं, औषध वेळेवर घेणं.

बुद्ध्यांकाची चाचणी शांत खोलीत होते. समोर एक समजूतदार माणूस बसलेला असतो आणि तो एका वेळी एकच प्रश्न विचारतो. घरातली सकाळ अशी नसते. शाळेची वेळ होत आलेली असते, एक मोजा सापडत नसतो, पोटात दुखत असतं आणि त्यातच कुणीतरी हाक मारत असतं. या गडबडीत मूल काय करतं ते रोजच्या कौशल्यांची तपासणी विचारते. चाचणीच्या खोलीत ते दिसणं शक्य नसतं, म्हणून रोज बघणाऱ्याला विचारायचं.

ही कल्पना आली कुठून?

बुद्धी मोजणारी पहिली उपयोगी चाचणी १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी केली. ती इतकी चालली की पुढच्या काही दशकांत मुलाचं भवितव्य एकाच आकड्यावर ठरू लागलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या व्हाइनलंड इथल्या प्रशिक्षण शाळेत काम करणारे एडगर डोल यांना हे अपुरं वाटलं. सारख्याच बुद्ध्यांकाची दोन माणसं, पण एक बाहेर काम करून आपलं भागवतो आणि दुसऱ्याला पावलोपावली आधार लागतो. हा फरक पकडायला त्यांनी १९३५ मध्ये एक मापनी काढली. तिच्यात अगदी तान्ह्या बाळापासून प्रौढापर्यंतची ११७ कामं क्रमाने लावलेली होती. तिचीच सुधारलेली रूपं आज जगभर वापरात आहेत; तिसरी आवृत्ती २०१६ मध्ये आली.

यातला सगळ्यात बोलका टप्पा मला १९६९ चा वाटतो. अमेरिकेत झालेल्या एका चर्चेतून एक अहवाल निघाला आणि त्याने अशा मुलांकडे लक्ष वेधलं, जी शाळेच्या सहा तासांपुरती ‘मंद’ ठरत होती. घरी तीच मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत, निरोप पोचवत, सामान आणत. त्यांच्या घरची भाषा आणि परिस्थिती शाळेपेक्षा वेगळी होती, एवढंच. फक्त बुद्ध्यांक पाहणाऱ्यांनी त्यांच्यावर ठपका ठेवला होता. रोजची कौशल्यं कुणी विचारली असती, तर तो ठपका टिकला नसता.

आज बौद्धिक अक्षमतेचं निदान दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय करता येत नाही. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपली निदान-पुस्तिका बदलली. अक्षमता सौम्य आहे की तीव्र, हे तिच्यात बुद्ध्यांकावरून नाही, तर रोजच्या कौशल्यांवरून ठरतं. मुलाला किती मदत लागेल हे त्यावरूनच कळतं, असं त्याचं कारण.

‘येतं’ वेगळं, ‘करतो’ वेगळं

या तपासणीचं सगळं मर्म या दोन शब्दांत आहे. ‘आंघोळ करता येते का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो, येते’. ‘मग रोज स्वतः करतो का?’ इथे क्षणभर थांबायला होतं. ‘करतो, पण मी बाहेरून सांगत असते.’

तपासणाऱ्याला हवं असतं ते दुसरं उत्तर. डोल यांच्या मापनीचं आजचं रूप म्हणजे व्हाइनलंड मापनी; तिच्यात एखादी गोष्ट मूल सांगितल्याशिवाय, मदतीशिवाय, बहुतेक वेळा करत असेल तर २ गुण, कधीमधी करत असेल तर १, करत नसेल तर ०. एबीएएस नावाची दुसरी एक मापनी आहे, ती याहून बारीक विचारते. तिच्यात ‘करूच शकत नाही’ आणि ‘करू शकतो, पण गरज असताना करत नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिल्या उत्तरावर उपाय शिकवण्याचा. दुसऱ्यावर उपाय वेगळाच. मूल कुठे अडतंय ते तिथे शोधावं लागतं.

आंघोळच घेऊ. आपण तिला एक काम समजतो, पण ती कामांची साखळी आहे. आंघोळीची वेळ झालीय हे लक्षात येणं, हातातलं खेळणं सोडणं, टॉवेल आणि कपडे बरोबर घेणं, पाणी फार गरम नाही ना हे बघणं, अंग भिजवणं, साबण लावणं, पाठ आणि मान विसरू न देणं, सगळा साबण निघालाय की नाही हे पाहणं, अंग पुसणं, सुलटे कपडे घालणं, ओला टॉवेल वाळत टाकणं. मधल्या कड्या कित्येक मुलांना जमतात. तुटतात त्या पहिल्या आणि शेवटच्या. सुरुवात आई करून देते, शेवट आई निस्तरते, आणि मधलं पाहून घरचे म्हणतात, ‘सगळं येतं त्याला.’ ते खोटं बोलत नसतात. स्वतःचा वाटा त्यांना दिसत नसतो, इतका तो रोजच्या अंगवळणी पडलेला असतो.

म्हणून अनुभवी तपासनीस ‘येतं का’ असं विचारतच नाहीत. ‘कालची सकाळ सांगा. तो उठला, मग काय झालं? टूथब्रशवर पेस्ट कुणी लावली?’ असं विचारतात. या प्रश्नांमागे दोष शोधण्याचा हेतू नसतो. आईचा हात नेमका कुठे कुठे लागतो, याचा तो नकाशा असतो.

घरी एक, शाळेत दुसरंच: कुणाचं खरं?

चांगल्या तपासणीत एकाच माणसाच्या सांगण्यावर निकाल देत नाहीत. पालकांशी सविस्तर बोलणं, शिक्षकांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, शक्य असेल तर मुलाचं प्रत्यक्ष निरीक्षण आणि जरा मोठ्या मुलाशी थेट गप्पा, हे सगळं जुळवून बघतात. बऱ्याचदा जुळत नाही. शाळेत डबा स्वतः उघडून नीट खाणारी मुलगी घरी भरवून घेते. घरी भावंडांशी अखंड बोलणारा मुलगा वर्गात तोंड उघडत नाही.

अशा वेळी कुणी लपवतंय असं समजायचं कारण नाही. जागा बदलली की माणूस बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये कार्यक्षमतेची जी वर्गवारी केली, तिच्यात हाच भेद पायाशी आहे: अनुकूल स्थितीत माणसाला काय जमू शकतं ते एक, आणि तो राहतो त्या जागी प्रत्यक्षात काय करतो ते दुसरं. दोन्हीत अंतर दिसलं की त्या जागेत काय कमी आहे ते पाहायला हवं. नळ उंचावर आहे का, वर्गात गोंगाट आहे का, घरी घाई फार असते का. कधी कधी एक पायरी ठेवली की ‘जमत नाही’ चं ‘करतो’ होतं.

आकडा कसा वाचायचा?

बहुतेक मापन्यांत त्या वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते. साधारण तीनातली दोन मुलं ८५ ते ११५ च्या दरम्यान असतात. ७० च्या खाली शंभरातली सुमारे दोनच येतात, म्हणून त्या रेषेला महत्त्व. तरी ७० हा काही कुंपणाचा तार नव्हे. प्रत्येक मोजणीत थोडी चूक असतेच, म्हणून नीट लिहिलेल्या रिपोर्टमध्ये आकड्याबरोबर ‘या ते या दरम्यान’ असा पट्टा दिलेला असतो. ६८ आणि ७२ या दोन मुलांत खरा फरक नसेलही.

एका गोष्टीने पालक फार खचतात, ती नीट समजून घ्यायला हवी. दोन वर्षं जिवाचं रान करून मुलाला शिकवलं. तो आता स्वतः जेवतो, कपडे घालतो, शौचाला जाऊन येतो. पुन्हा तपासलं तर आकडा ६६ वरून ६२! म्हणजे मूल मागे गेलं?

नाही. दोन गाड्या एकाच दिशेने निघाल्यात असं समजा. एक तासाला साठ किलोमीटर जातेय, दुसरी पस्तीस. दुसरी सतत पुढेच चाललीय, तरी दोघींतलं अंतर वाढत जातं. हा आकडा समवयस्कांपासूनचं अंतर सांगतो. सहा वर्षांच्या मुलाची तुलना सहा वर्षांच्या मुलांशी झाली होती, आठव्या वर्षी ती आठ वर्षांच्यांशी झाली, आणि त्यांच्याकडून अपेक्षा बऱ्याच वाढलेल्या असतात. मुलाचा स्वतःचा प्रवास बघायचा तर मूळ गुण बघावे लागतात, म्हणजे मागच्या वेळी किती गोष्टी जमत होत्या आणि आता किती. तपासनिसांकडे ते असतात. जरूर मागून घ्या आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. अर्थात मूळ गुणही घसरले असतील, आधी जमणारी गोष्ट सुटली असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवायला हवं.

‘सामाजिक वय’ या शब्दाबद्दलही जपून. मुलाची रोजची कौशल्यं साधारण कुठल्या वयाच्या मुलाएवढी आहेत, ते हा शब्द सांगतो. बारा वर्षांच्या मुलीचं सामाजिक वय सहा लिहिलं, म्हणून ती सहा वर्षांची होत नाही. तिचं शरीर बारा वर्षांचं आहे, लाज बारा वर्षांची आहे आणि बारा वर्षं जगल्याचा अनुभव तिच्या गाठीशी आहे. तिला बाहुलीसारखं वागवायला हा आकडा परवानगी देत नाही.

‘मुलगा तर हुशार आहे, मग हे कशाला?’

हा आक्षेप स्वमग्न मुलांच्या घरून हमखास येतो. गणितात पुढे, वाचन अफाट, स्मरणशक्ती थक्क करणारी. पण स्वमग्नतेत बुद्ध्यांक चांगला असूनही रोजची कौशल्यं त्याच्या कितीतरी खाली असणं हे वारंवार दिसून आलेलं आहे, आणि वय वाढतं तसं हे अंतर बऱ्याचदा रुंदावतं. हुशारीमुळेच ते झाकलं जातं. ‘एवढं गणित येतं त्याला, बुटाची नाडी काय, येईल’ असं म्हणत वर्षं निघून जातात. मग घराबाहेर राहायची वेळ येते आणि परीक्षेत पहिला येणारा मुलगा कपडे धुणं, वेळेवर जेवणं, आजारी पडल्यावर कुणाला तरी कळवणं यात कोलमडतो.

‘आम्हीच कधी करू दिलं नाही, त्यात मुलाची काय चूक?’

चूक कुणाचीच नाही. पण गुण तरीही कमीच येतील, कारण मापनी ‘करतो का’ एवढंच विचारते. इथे तपासनिसाचं कसब लागतं. सुरीला हातच लावू दिला नसेल, तर ‘संधी मिळालेली नाही’ अशी नोंद रिपोर्टमध्ये स्पष्ट हवी. ती नसेल तर विचारा. जे शिकवूनही आलं नाही आणि जे कधी शिकवलंच नाही, ही दोन दुखणी वेगळी आहेत.

याच्याच जवळची शंका चालीरीतींची. ज्या घरात काट्याचमच्याने जेवत नाहीत तिथे तो प्रश्न विचारून उपयोग नाही. कुठे मुलांना लहानपणीच एकटं बाहेर पाठवतात, कुठे बरंच उशिरा. मुलींकडून घरकामाची अपेक्षा आणि मुलांना सूट, हेही गुणांत उतरतं. त्यामुळे मापनी जिथे वापरायची तिथल्या मुलांवर तपासून बसवलेली असावी लागते. परक्या समाजाचे निकष जसेच्या तसे लावलेला आकडा थोडा संशयानेच वाचावा.

‘दुसऱ्याची मदत घेतली तर स्वावलंबन कसलं?’

ज्या मुलीचे हात चालत नाहीत तिला बटणं लावता येणार नाहीत. पण ‘निळा शर्ट दे, आधी डावा हात घाल, थांब, दुखतंय’ हे तिने सांगितलं तर कपडे घालण्याचा कारभार तिच्याच हातात आहे. चाकाची खुर्ची, चित्रांचा तक्ता, फोनवरचा गजर, वेल्क्रोचे बूट, हे सगळं वापरून केलेलं कामही आपलं आपण केलेलंच असतं. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण ‘वाचता येत नाही’ म्हणत नाही. शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी म्हणूनच वेगळ्या मापन्या आहेत, आणि साधन वापरून काय जमतं, किती मदत लागते, याची नोंद त्यांत वेगळी होते.

‘नाही’ म्हणता येणंही मी यातच धरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टीफन ग्रीनस्पॅन यांनी वर्षानुवर्षं हेच मांडलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला सगळ्यात मोठा धोका त्याच्या भोळेपणाचा असतो. तो पटकन फसवला जातो. सगळं ऐकणारं मूल घरी ‘शहाणं’ ठरतं. पण जो कुणाचंही ऐकतो तो कुणाचंही ऐकतो. अंगाला कोण हात लावू शकतं, कोण नाही, बाथरूममध्ये दार लावायचं, कपडे कुठे बदलायचे, पाळी आल्यावर काय करायचं, हे प्रश्न तपासणीत आले की पालक संकोचतात. मला विचाराल तर सगळ्यात मोकळेपणाने उत्तरं द्यावीत ती याच प्रश्नांची. मुलगी वयात येण्याआधी वर्ष-दोन वर्षं हे शिकवायला घेतलं, तर तो दिवस तिच्यासाठी भीतीचा राहत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर

फायलीत लावून ठेवलेल्या रिपोर्टचा उपयोग दाखल्यापुरता होतो. खरं काम पुढे आहे. न जमणाऱ्या पंचवीस गोष्टींतून दोन-तीन निवडायच्या. निवडताना तीन गोष्टी बघाव्यात: यात मुलाच्या जिवाला जपणारं काय आहे, रोज लागणारं काय आहे, आणि आता जवळजवळ जमतंय असं काय आहे. ज्या प्रश्नाला १ गुण मिळालाय तिथे बी आधीच रुजलेलं असतं. ० वाल्या अवघड कामाला हात घालण्यापेक्षा तिथून सुरुवात लवकर फळते.

निवडलेल्या कामाची साखळी मांडायची, वर आंघोळीची मांडली तशी. मग बऱ्याच कामांत शेवटच्या कडीपासून शिकवणं सोपं जातं. पॅन्ट घालताना सगळं आपण करायचं आणि कंबरेपर्यंतची शेवटची ओढ मुलाला घेऊ द्यायची. काम पुरं झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याचा असतो. ती कडी पक्की झाली की गुडघ्यापासून, मग पावलापासून. मदतही अशीच पायरीपायरीने काढायची: हाताला धरून, मग नुसत्या स्पर्शाने, मग खुणेने, मग भिंतीवरच्या चित्राने. तोंडाने सांगणं सोपं वाटतं, पण सुटायला तेच सगळ्यात चिवट, कारण मूल कामाची नाही, आवाजाची वाट बघायला शिकतं. घरी जमलेलं शाळेत, नातेवाइकांकडे, प्रवासात मुद्दाम करून घ्यावं लागतं. आपोआप ते सगळीकडे जात नाही.

आणि निवडीत मुलाला विचारायचं. बोलता येत नसेल तर चित्रं पुढे ठेवायची. मोठ्यांच्या यादीत स्वच्छता आणि शिस्त वर असते, मुलांची यादी बहुधा वेगळी निघते. एखादी मुलगी बाथरूमच्या कडीच्या चित्रावर बोट ठेवेल. तिला आत एकटं राहायचं असतं. तसं असेल तर साबण नंतर. आधी कडी लावणं आणि उघडणं: पहिले काही दिवस दार उघडं ठेवून, मग आई आत असताना, मग आई बाहेर उभी राहून. बाहेरूनही उघडता येईल अशी कडी आधी बसवून घ्यावी.